ज्ञान-व्यवस्थापनाच्या अध्ययनातील एक वादस्थळ

व्यवसाय-प्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ज्ञान-व्यवस्थापन हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यास पाव भाजण्याच्या घरगुती यंत्राची कथा सहसा चुकत नाही. जपानी विद्वान इकुजिरो नोनाका यांनी १९९१ साली ती एका लेखात सांगितली आणि हिरोताका ताकेउची यांच्यासह लिहिलेल्या १९९५ च्या ग्रंथामुळे ती सर्वतोमुखी झाली. ओसाका येथील मात्सुशिता इलेक्ट्रिक कंपनीच्या नमुना-यंत्रात पावाचे कवच करपे, परंतु आतील भाग कच्चाच राही. क्ष-किरण छायाचित्रे घेऊनही कणकेतील दोष सापडेना. तेव्हा कंपनीतील इकुको तानाका यांनी ओसाका इंटरनॅशनल हॉटेलात पाव करणाऱ्या प्रमुख कारागिराजवळ उमेदवारी केली. कणीक तिंबताना तो ती एका विशिष्ट रीतीने ताणतो, हे त्यांच्या ध्यानी आले. पुढे अभियंत्यांसह वर्षभर खटपट झाली, यंत्राच्या आत खास कंगोरे बसविण्यात आले आणि पाव साधला.

येथे अव्यक्त ज्ञानाचे व्यक्त ज्ञानात रूपांतर झाले, असे नोनाका प्रतिपादन करतात. अव्यक्त ज्ञानाची कल्पना मूळची मायकेल पोलान्यी यांची. परंतु पोलान्यी यांच्या मते व्यक्त ज्ञान हे नेहमीच अव्यक्ताच्या आधारावर उभे असते. पूर्णतया व्यक्त असे ज्ञान संभवतच नाही. म्हणजे शब्द उसना घेतला, आशय मात्र मागे राहिला, असा आक्षेप येथे घेता येतो व तो रास्त आहे. रॉद्रिगो रिबेरो व हॅरी कॉलिन्स यांनी २००७ साली ह्याच यंत्राची फेरतपासणी करून निराळा निष्कर्ष काढला: कारागिराचे कौशल्य यंत्रात उतरलेलेच नाही; त्याच्या कामाचा यांत्रिक अंश तेवढा यंत्र करते आणि उरलेली उणीव ते वापरणारी माणसे भरून काढतात.

हा वाद केवळ शाब्दिक नव्हे. नोनाका यांचे म्हणणे ग्राह्य धरल्यास निवृत्त होणाऱ्या कुशल कामगाराचा अनुभव टिपून संगणकात साठविता येईल, अशी आशा व्यवस्थापकास वाटते. रिबेरो व कॉलिन्स यांचे म्हणणे मानल्यास त्या कामगाराच्या हाताखाली वेळीच उमेदवार नेमणे अगत्याचे ठरते, आणि त्याचा खर्च कितीतरी अधिक. रूपांतराच्या चार चौकटी उत्तरपत्रिकेत काढून मोकळ्या होणाऱ्या विद्यार्थ्यास ही निवड करण्याचा प्रसंगच येत नाही. वस्तुतः त्या चार चौकटींतील पहिली निरीक्षण, अनुकरण व सराव यांचीच आहे, आणि तानाका यांचा हॉटेलातील काळ नोनाका स्वतः तिच्यातच घालतात.