आयुष्यभर एकाच घरात राहून मिळतं काय?

नेहमीप्रमाणे हा भागाचा लिहून काढलेला मजकूर, थोडा साफसूफ करून.

वाशीत रिक्षावाल्याला 'फादर अ‍ॅग्नेल' एवढं म्हटलं तरी पुरतं. शाळा, कॉलेज, सगळं त्याच नावाने ओळखलं जातं. पण हे फादर अ‍ॅग्नेल कोण, हे मला बीटेक झाल्यावरही माहीत नव्हतं.

आग्नेल डिसोझा 1869 मध्ये गोव्यात हणजूण इथे जन्मले. 1897 मध्ये ते पिलारच्या मिशनरी संस्थेत गेले. ही संस्था 1887 मध्ये सुरू झाली होती, तीही गोव्यातच. खेड्यांत फिरणं, प्रवचन करणं, शेवटची वर्षं राशोलच्या सेमिनरीत विद्यार्थ्यांना मार्गदर्शन, असं त्यांचं आयुष्य. 1927 मध्ये ते गेले. तेव्हा संस्था मोठी नव्हतीच, उलट पुढे ती जवळपास संपत आली. 1939 मध्ये तिची नव्याने उभारणी झाली. वाशीचं इंजिनिअरिंग कॉलेज आलं 1994 मध्ये. म्हणजे ज्यांचं नाव आपण रोज घेतो, त्यांनी यातलं काहीच पाहिलं नाही.

मग त्यांना मिळालं काय? हा प्रश्न मला पडला, कारण मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, तिसऱ्या कंपनीत आहे आणि चौथीचं ऑफर लेटर मेलमध्ये पडलंय.

आधी ही व्यवस्था समजून घेऊ. मी कॅथलिक नाही, त्यामुळे मलाही वाचून कळलं. धर्मसंघात तीन व्रतं असतात: ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन. ती एका दिवसात आयुष्यभरासाठी देत नाहीत. आधी किमान एक वर्ष नवशिक्याचं, मग निदान तीन वर्षांची तात्पुरती व्रतं, आणि त्यानंतर कायमची. पगार मिळाला तर तो संघाचा, आणि औषधपाण्यापासून सगळी गरज भागवणं ही संघाची जबाबदारी. पिलारसारख्या काही संस्थांचा प्रकार थोडा वेगळा आहे. तिथे सामुदायिक जीवन आणि सेवाकार्य मुख्य, धर्मसंघाची व्रतं त्याच अर्थाने नसतात. पण एकत्र राहणं दोन्हीकडे आहेच.

आता एक मोठं उदाहरण. फादर हरमन बाखर, स्वित्झर्लंडचे जेझुइट. 1948 मध्ये भारतात आले आणि नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांत राबले. पाणलोटाच्या कामासाठी 1993 मध्ये त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत 'वॉटर' ही संस्था काढली. म्हणजे भारतात येऊन 45 वर्षं झाल्यावर! बांध घातला की पाणी लगेच दिसत नाही. आधी माती थांबते, मग ओल टिकते, मग कुठे विहिरीची पातळी वर येते. असं काम नोकरी बदलत बदलत होत नाही.

पण सगळेच काही बाखर नसतात. म्हणून मी माझ्या शाळेतल्या गणिताच्या सिस्टरांना भेटायला गेलो. आपण 'कॉन्व्हेंट' म्हणजे इंग्रजी शाळा समजतो. खरं तर कॉन्व्हेंट म्हणजे सिस्टरांचं घर. ऐंशीच्या घरातल्या सिस्टर व्हरांड्यात बसल्या होत्या. एक तरुण सिस्टर त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत होती.

मी सरळच विचारलं, "सिस्टर, एवढ्या वर्षांत मिळालं काय?"

त्या हसल्या. "आधी काय गेलं ते ऐक बाळा. सात बदल्या झाल्या. प्रत्येक वेळी वर्ग अर्धवट सोडून निघाले, रडत. आणि इथे माणसं आपण निवडत नाही. एका सिस्टरशी मी दोन वर्षं धड बोलले नव्हते."

"मग?"

"मग ती आजारी पडली. शेवटचं वर्ष तिला मीच भरवत होते. जाताना ती माझ्याशी भांडली नाही, हेच मिळालं." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि आजवर एकटी जेवले नाही. तू जेवलास का?"

घणसोलीच्या फ्लॅटमध्ये मी रोज लॅपटॉपसमोर एकटाच जेवतो. उत्तर देता आलं नाही.

मला समजलं ते एवढंच. इथलं बक्षीस शेवटी एकरकमी मिळत नाही. ज्याच्याशी पटत नाही त्याच्याशेजारी रोज बसावं लागतं, त्यातूनच माणूस हळूहळू घडतो. कंपनीत मला कुणाशी पटलं नाही की मी टीम बदलतो. सिस्टरांना ती सोय नव्हती. त्या सोयीची किंमत मी कधी मोजलीच नव्हती.

याचा अर्थ सगळ्यांनी व्रतं घ्यावीत असा नाही. ज्याला जमत नाही त्याला हे घर कोंडवाडा वाटू शकतं. म्हणून तर आधी इतकी वर्षं पारखायला देतात.

ऑफर लेटरचं अजून ठरलेलं नाही. पण या रविवारी शेजारच्या काकांना जेवायला बोलावलंय, ज्यांच्याशी पार्किंगवरून वाद झाला होता. काय झालं ते पुढच्या भागात सांगेन. तोवर काळजी घ्या!