ओल्या मातीवरचा हिशेब

कुंभाराकडून आणलेली माती चाळून, खडे वेचून लोण्यासारखी मळली आणि तळहाताएवढी पाटी थापली. तासलेला बोरू घेऊन मेंढीची खूण काढायला बसलो. वर्तुळ, आत फुली. इराकमधल्या उरुक नगरात इ.स.पू. 3300च्या सुमारास मेंढी अशीच लिहीत.

वर्तुळ काही जमेना. बोरू ओढला की माती पुढे साचते, रेघेच्या कडा वर येतात, आडवी रेघ मारावी तर आधीची उभी बुजते. शेवटी बोरू न ओढता त्याची कड नुसती टेकवली आणि उचलली. स्वच्छ खाच उमटली, एकीकडे रुंद, दुसरीकडे निमुळती, पाचरच जणू. पुढच्या शतकांत तिथल्या लेखनिकांनीही गोलाई सोडून चित्रे पाचरींत बसवली. त्या कीलाकार लिपीला रूप दिले ते मातीने.

आकड्यांसाठी गोल काडी घेतली. तिरपी दाबली की एक, उभी रोवली की दहा. एक उभा ठसा, दोन तिरपे, शेजारी फुलीचे वर्तुळ: बारा मेंढ्या. क्रियापद नाही, वाक्य नाही. उरुकमध्ये सापडलेल्या सुमारे पाच हजार पाट्यांपैकी बहुतेकींवर असाच मजकूर आहे: जव, बिअर, जनावरे, मजुरांचा शिधा. खाण्याची खूण म्हणजे माणसाचे डोके आणि त्याच्याजवळ वाडगा. कथा-काव्ये लिहिली जायला अजून कितीतरी शतके होती.

दुपारपर्यंत पाटी उन्हात वाळली. आणखी एक मेंढी वाढवायला गेलो तर बोरूचे टोकच चेपले. वाळलेल्या पाटीचे मोल तेव्हा हाताला कळले. ओली असते तोवर ती दोघांच्या बोलण्याची. वाळली की देणाऱ्याला कमी करता येत नाही, घेणाऱ्याला वाढवता येत नाही. तोंडी व्यवहाराचा साक्षीदार विसरतो, फिरतो, मरतो. देवळाच्या कोठारात असंख्य अनोळखी हातांचे धान्य येऊ लागल्यावर असा न विसरणारा साक्षीदार लागलाच.

पण ही साक्ष वाचता येणारे मोजकेच. पुढे बाबिलोनी करारांवर, ज्याच्याकडे मुद्रा नसे तो नखाचा किंवा वस्त्राच्या काठाचा ठसा उमटवी. आपल्याकडच्या सावकारी कागदावरचा अंगठा आठवतो. आपल्याच कर्जाचा कागद आपल्याला परका, ही वेदना इतकी जुनी आहे.

कर्ज फिटले की बाबिलोनमध्ये पाटी फोडत. इ.स.पू. सतराव्या शतकात तिथल्या अम्मीसदुका राजाने फर्मान काढून प्रजेची कर्जे माफ केली. आपण सातबारा कोरा करणे म्हणतो, ते पाटी फोडणे म्हणत.

संध्याकाळी माझी पाटी फोडायला दगड उचलला. त्या बारा मेंढ्या कुणाच्याच नव्हत्या, तरी हात थबकला. लिहिलेले मोडायचे होते ना.