रक्तातील साक्षीदार

ठाण्याहून खाडीवरचा पूल ओलांडून भिवंडीच्या वाटेला लागले म्हणजे कशेळीपासून गोदामांच्या रांगा सुरू होतात. तेथे दिवसभर बोजे वाहणाऱ्या काटक हमालास, ‘अंगावर मूठभर मांस नाही, मला कसली आली साखर’ असे वाटावे, हे स्वाभाविक आहे. परंतु पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह जे आपले छायाचित्र छापले, त्यात दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ असूनही युडकिन यांच्या देहात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के निघाला होता.

म्हणजे काटक दिसणाऱ्यालाही मधुमेह होऊ शकतो, आणि अशा सडपातळ देहात वर्षानुवर्षे मुरलेली साखर मज्जातंतू बधिर करते आणि धमन्यांच्या अस्तराची नासधूस करते. तळव्यात खिळा रुतला तरी कित्येकदा त्याची खबर लागत नाही. ही नासधूस आधीच रक्तावरून ओळखावी, या तपासात जी विकरे, म्हणजे एन्झाइमे, साक्षीस पाचारण केली गेली, त्यांत पॅराऑक्सोनेजची हकिकत मला सर्वांत मनोरंजक वाटते. १९५३ साली ऑल्ड्रिज यांनी त्याचा छडा लावला, तो कीटकनाशकांच्या विषबाधेच्या संदर्भात. पुढे तेच विकर एचडीएल या ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलच्या कणांवर ठाण मांडून एलडीएल या ‘वाईट’ कोलेस्टेरॉलमधील मेदाचे ऑक्सिडीकरण रोखते, असे १९९१ साली मॅकनेस प्रभृतींनी परीक्षानळीत दाखविले, आणि मधुमेह्यांत त्याची क्रियाशीलता मंदावलेली आढळली. गंमत अशी की, कॅल्शियमवाचून त्याचे पान हलत नाही. सबब जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतले, तर तीतील ईडीटीए हे रसायन कॅल्शियम जखडून ठेवते आणि धडधाकट माणसाचे विकरही जवळजवळ गैरहजर दिसते. नमुना लाल टोपणाच्या नळीत घेऊन, रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव तपासावा लागतो.

तथापि साक्षीदार निराळा आणि आरोपी निराळा. एलपी-पीएलए-२ हे दुसरे विकर हृदयविकाराच्या रुग्णांत वाढलेले दिसे, म्हणून त्याला दाबणारे डाराप्लाडिब नावाचे औषध सिद्ध झाले. पण २०१४ साली जाहीर झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत विकर दबूनही हृदयविकाराचे झटके म्हणावे तसे घटले नाहीत.

तेव्हा तूर्त या हमालाच्या कामाची तपासणी साधीच: गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणारे एचबीए१सी, लघवीतील अल्ब्युमिन आणि पायाची नाडी. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून ०.९ हून कमी आले, तर पायाची धमनी अरुंद झाली असे समजतात. मात्र मधुमेह्याच्या धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती पट्ट्याने दबेनाशी झाली, तर आकडा फसवा, १.४ च्याही वर येतो, आणि मग पायाच्या अंगठ्याला छोटा पट्टा बांधून तेथील दाब मोजावा लागतो.