भिंत दोन घरांची

पेणच्या किंवा रोह्याच्या जुन्या आळ्यांतून आपण नेहमी जातो. पण तेथल्या घरांकडे निरखून क्वचितच पाहतो. घराला घर लागून उभे. मध्ये बोळ नाही, अंगण नाही. आहे ती एकच सामाईक भिंत. अशा ओळी आपल्याकडेच आहेत असे नाही. इंग्लंडमधील बाथ शहरात धाकट्या जॉन वुडने १७६७ ते १७७४ या काळात चंद्रकोरीच्या आकाराची ३० घरांची ओळ उभारली. तिला ‘रॉयल क्रेसेंट’ म्हणतात. दर्शनी बाजू सगळी एकसारखी. मागे मात्र ज्याने त्याने आपल्या सोयीचे घर बांधून घेतले.

आपल्या आळीला असा कोणी वास्तुशिल्पी लाभला नव्हता. मग घरे एकमेकांशी जुळली कशी? गरजेने जुळवली. रस्त्यालगतच्या जागेला मोल अधिक, म्हणून घर रुंदीला बेताचे आणि मागे लांबच लांब. पुढे ओटी, तिच्यावर दुकान मांडावे, किंवा पेणेत गणपतीच्या मूर्ती वाळत ठेवाव्यात. मग माजघर, स्वयंपाकघर, आणि शेवटी परसात विहीर. दोन्ही अंगांना शेजार असल्याने खिडकीला वाव नाही. माजघरात उजेड यायचा तो काचेच्या कौलातून.

पण खरे शहाणपण आहे ते छपरात. आढे रस्त्याला समांतर. एक पाखे रस्त्याकडे उतरते, दुसरे परसाकडे. ज्याच्या पागोळ्या त्याच्याच दारी. हेच आढे दुसऱ्या दिशेने घातले असते, तर दोन छपरांच्या बेचक्यात पाणी साचून कोकणचा पाऊस थेट सामाईक भिंतीत मुरला असता. म्हणजे ती भिंत बांधली गेली तीच मुळी कधी न भिजण्याच्या भरवशावर!

आज हा भरवसा मोडतो आहे. ओळीतले एक घर पाडले, की शेजारची भिंत उघडी पडते. मातीत रचलेली ती भिंत पावसाचा मारा सोसू शकत नाही. माती विरघळते, दगड सुटतात आणि वाशांची टोके कुजू लागतात. पाडणाऱ्याने आपलेच घर पाडलेले असते. पण खचते ते दुसऱ्याचे.

इंग्लंडने यासाठी १९९६ साली कायदा केला. सामाईक भिंतीला हात लावायचा तर शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी सूचना द्यावी लागते. आम्हांस वाटते, आपण निदान एवढे तरी करावे: पाडण्यापूर्वी दोन्ही घरच्यांनी जाणत्या गवंड्यासह भिंत पाहावी, काम पावसाळा टाळून काढावे, आणि मृगापूर्वी उघड्या भिंतीला गिलावा किंवा पत्र्याचा आडोसा द्यावा. खर्च कोणी सोसायचा हेही आधीच लिहून ठेवावे.

भिंत दोन घरांना वेगळे करते, असे आपण समजतो. आमच्या आळीत तिने दोन घरांना धरून ठेवले आहे.