ओपोपिया: एका सूक्ष्म कोळी-प्रजातीची ओळख व वर्गीकरण

बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. ५.१४ चौरस किलोमीटरचे हे गवताळ क्षेत्र चिंकारांसाठी प्रसिद्ध आहे. अशा माळरानाची प्राणिसूची करताना गवताच्या बुंध्याशी व पाचोळ्यात राहणारे एक-दोन मिलिमीटरचे कोळी बहुधा सुटून जातात, किंवा छायाचित्रावरून त्यांना घाईने नाव दिले जाते. ही घाई कशी फसवी ठरते, हे ओनोपिडी कुलातील ओपोपिया या प्रजातीच्या आधारे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

ओनोपिडी कुल ओळखणे तुलनेने सोपे आहे. आकार अत्यंत लहान, डोळे बहुधा आठऐवजी सहा व जवळजवळ, आणि अनेक प्रजातींत उदरावर कठीण कवच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूजीन सिमाँ यांनी या कुलाची कवचधारी व मृदुकाय अशी विभागणी केली. ती दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. परंतु कवच हे लक्षण उत्क्रांतीत एकाहून अधिक वेळा बदलल्याचे आढळल्याने नातेसंबंध ठरविण्यास ते अपुरे आहे.

ओपोपियाची खरी खूण नराच्या पेडिपॅल्पमध्ये, म्हणजे तोंडालगतच्या पायासारख्या अवयवात असते. त्याचा पटेला हा भाग कमालीचा फुगलेला, फीमरपेक्षाही मोठा असतो. मादीत हे लक्षण नसते. त्यामुळे केवळ मादी हाती आल्यास प्रजाती निश्चित करणे कठीण होते. जननेंद्रियाचे विच्छेदन करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. याच कुलातील ट्रायएरिस स्टेनॅस्पिस या जातीत तर नर आढळतच नाहीत. तिची मादी नराविना प्रजनन करते, हे २००९ साली प्रयोगाने सिद्ध झाले.

२००६ मध्ये नॉर्मन प्लॅटनिक यांच्या नेतृत्वाखाली या कुलाची जागतिक पाहणी सुरू झाली. तेव्हा सुमारे ५०० जाती ज्ञात होत्या. आज ती संख्या १,८०० च्या पुढे आहे. एवढ्या वेगाने बदलणाऱ्या कुलात जुन्या पुस्तकातील चित्राशी नमुना ताडून नाव देणे धोक्याचेच.

अभयारण्यातून नमुने घेण्यापूर्वी वन विभागाची परवानगी आवश्यक असते. त्यानंतर पाचोळा चाळून किंवा जमिनीत पेले पुरून कोळी गोळा करावेत व ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. प्रौढ नर न मिळाल्यास कुपीवर ‘ओनोपिडी, मादी’ एवढेच लिहून स्थळ व दिनांक नोंदवावा. पुढे त्याच जागी नर सापडला, तर ही कुपी पुन्हा उघडता येते.