मांडव्याचा किनारा आणि देवमाशाचें दर्शन

देवमासा पाहण्यासाठीं बोटींतून सफरी काढण्याची चाल आतां जगभर रूढ झाली आहे. शेजारच्या श्रीलंकेंत मिरिस्सा येथें तर तो एक मोठा उदीमच होऊन बसला आहे. मार्च २०२० मध्यें भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाल्यापासून मांडवा मुंबईकरांस सुमारें तासाभराच्या वाटेवर आला आहे. तेव्हां येथें उतरणाऱ्या कुटुंबांतील बालमंडळीही विचारतात कीं, या समुद्रांत देवमासा दिसतो काय?

मांडव्याच्या बोटीवरून तो दिसण्याचा संभव फारच थोडा. बंदराच्या मुखाशीं पाणी उथळ, गढूळ आणि जहाजांनीं गजबजलेलें. कधीं कधीं दिसते ती डॉल्फिनची पाठ. पाठीवर उंचवटा असलेली ही जात किनाऱ्यालगतच वावरते. देवमासा व डॉल्फिन एकाच कुळांतले. त्यांस मासा म्हणणें हा केवळ भाषेचा व्यवहार. दोघेही फुप्फुसांनीं श्वास घेतात व पिलांस दूध पाजतात. माशाची शेपटी उभी, यांची आडवी, एवढी खूण मुलांस सांगून ठेवावी.

आपले पूर्वज याविषयीं अनभिज्ञ नव्हते. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत, नदीमुखाचें पाणी जीवजंतूंसह मुखांत घेऊन मस्तकावरील छिद्रांतून फवारे उडविणारे तिमि कालिदासानें वर्णिले आहेत. फवारा वस्तुतः उच्छ्वासाचा असतो. परंतु पाण्यासह भक्ष्य घेण्याची गोष्ट शास्त्रास मान्य आहे. निळा देवमासा जबड्यांतील झालरीसारख्या पट्ट्यांनीं पाणी गाळून टाकतो व कोळंबीसारख्या बारीक जीवांवर निर्वाह करतो.

कोंकणच्या समुद्रांत देवमासे आहेत. परंतु किनाऱ्यावरील लोकांस ते दिसतात ते बहुधा मरणकाळीं. जून २०१५ मध्यें मांडव्याच्या दक्षिणेस रेवदंड्याच्या किनाऱ्यास सुमारें ४२ फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत लागला. त्यास समुद्रांत लोटण्याचे प्रयत्न झाले, पण तो वांचला नाहीं. नोव्हेंबर २०२३ मध्यें गणपतिपुळ्यास लागलेल्या पिलासाठीं लोक कित्येक तास झटले. त्यास समुद्रांत ओढून नेलेंही, तरी तें अखेर दगावलें. पाण्यानें तोललेला तो प्रचंड देह वाळूवर आला कीं स्वतःच्याच भारानें फुप्फुसें दबतात आणि अंगांतील उष्णता बाहेर पडत नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, दर्शनाची हौस असावी, पण पाठलागाची नसावी. डॉल्फिन ध्वनीच्या आधारानें वाट व भक्ष्य शोधतात. यंत्राचा गोंगाट त्यांस बाधतो. जवळ नेण्यासाठीं नावाड्यास जादा पैशांचा मोह घालूं नये; उलट यंत्र मंद करून दूर राहण्यास सांगावें. किनाऱ्यास लागलेला प्राणी आढळल्यास वनखात्यास तत्काळ कळवावें, गर्दी हटवावी, शेपटी ओढूं नये, अंग ओलें ठेवतांना मस्तकावरील श्वासछिद्रांत पाणी जाऊं देऊं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें छत्र या प्राण्यांवर आहे. पण कायद्याचा शिपाई दरेक बोटींत बसत नाहीं. देवळांत आपण मुलांस गाभाऱ्याबाहेर हात जोडून उभें राहावयास शिकवितों. तोच धडा समुद्रावरही द्यावा. देवमासा न दिसला तरी ती सफर फुकट गेली असें होणार नाहीं.