पिवळा बांबू : लावावा कसा, द्यावा कसा

आमच्या सणसरच्या शिवारात जिकडे पाहावे तिकडे ऊस. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आहे. भवानीनगरचा साखर कारखाना जवळच आहे. उसाची लागण कशी करावी, हे आम्ही कोणाला शिकवायला नको. पण उसाचा एक भाऊबंद काही घरांपुढे दिसतो. त्याची निगा मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. तो म्हणजे पिवळा बांबू. सोन्यासारखी पिवळी काठी आणि तिच्यावर हिरव्या रेघा. जणू कोणी कुंचल्याने ओढल्या आहेत. दारात त्याचे एक बेट असले की घराला शोभा येते. उन्हाळ्यात सावली मिळते.

आमच्या अंगणात असे बेट होते. ते आम्ही आमच्याच हाताने घालवले. मग ते परत कसे मिळाले, तेही सांगू. आधी बांबूची ओळख करून घेऊ.

बांबू हे गवत आहे

बांबू उंच वाढतो, म्हणून आपण त्याला झाड म्हणतो. पण तो गवताच्या कुळातला आहे. ऊस, ज्वारी, गहू, भात हे सारे त्याचे भाऊबंद. उसाला पेरे असतात, तशी बांबूलाही असतात. उसाच्या पेराशी डोळा असतो, तसा बांबूच्याही पेराशी असतो. ऊस आतून भरीव, बांबू पोकळ, एवढा फरक.

झाडाचे खोड वर्षावर्षाला जाड होते. बांबूचे तसे नाही, बरं का! पावसाळ्यात जमिनीतून कोंब वर येतो. तो जेवढा जाड, तेवढीच ती काठी जन्मभर जाड राहते. दोन-चार महिन्यांत ती पुरी उंच होते. पुढे तीन वर्षे ती नुसती टणक होत जाते.

जमिनीखाली बांबूचा कंद असतो. जुन्या कंदाला नवा कंद फुटतो आणि त्यातून नवी काठी येते. अशा पुष्कळ काठ्यांचे मिळून बेट होते. चीन आणि जपान देशांत काही बांबूंचे कंद जमिनीखालून लांब पळतात. आपल्या पिवळ्या बांबूचा कंद आखूड असतो. म्हणून त्याचे बेट एका जागी राहते आणि हळूहळू रुंद होते.

त्याला बी धरत नाही

जुनी माणसे म्हणतात, बांबू फुलला की दुष्काळ पडतो. यात थोडे खरे आहे. आपल्या काटेरी कळकाला तीस ते पन्नास वर्षांत एकदा फुलोरा येतो. बी पडते आणि बेट वाळून जाते. मिझोरामच्या डोंगरात दुसऱ्या जातीचा बांबू आहे. तो दर ४८ वर्षांच्या सुमारास एकदम फुलतो. बी खाऊन उंदीर बेसुमार वाढतात. बी संपले की ते शेतातल्या धान्यावर पडतात. १९५९ च्या सुमारास तेथे असाच मोठा दुष्काळ पडला. तेव्हा हा देवाचा कोप नव्हे, उंदरांचा उपद्रव आहे.

पिवळ्या बांबूचे निराळे आहे. त्याला फुलोरा फार क्वचित येतो आणि आला तरी बी धरत नाही. मग तो गावोगाव पसरला कसा? माणसांनी एकमेकांना कांडी दिली म्हणून. कोणाच्याही दारातले बेट पाहा. ते कधी ना कधी दुसऱ्या कोणाच्या तरी बेटातून आलेले असते.

लागण कशी करावी

लागणीसाठी एक ते दोन वर्षांची काठी निवडावी. फार कोवळी कुजते. फार जून लवकर फुटत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला काठी कापावी. तिचे दोन-दोन पेरांचे तुकडे करावेत. दोन्ही टोकांना पेराबाहेर चार बोटे काठी ठेवावी. फांद्या आखूड छाटाव्यात, पण डोळ्याला धक्का लावू नये.

आता दोन पेरांच्या मधल्या कांड्याला एक लहान भोक पाडावे. त्यातून आत पाणी भरावे आणि भोकावर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधावी. मग तुकडा सावलीतल्या वाफ्यात आडवा ठेवावा. भोक वरच्या बाजूला आणि डोळे दोन्ही कुशींना यावेत. वर दोन-तीन इंच माती घालावी. माती ओली असावी, पण चिखल नको. उसाचे टिपरे लावता येते, त्याला हे काम अवघड नाही.

तीन-चार आठवड्यांत कोंब दिसू लागतात. येथेच पुष्कळ जण फसतात. पाने हिरवी दिसली की रोप उपटून दुसरीकडे लावतात आणि ते मरते. बांबूचे पान आधी येते, मूळ मागून येते. म्हणून रोप सहा महिने हलवू नये.

दुसरी रीत अशी. पावसाळ्याच्या तोंडावर वर्षाची एक काठी कंदासकट खणून काढावी. तीन-चार पेरे ठेवून वरचा भाग छाटावा आणि लगेच लावावी. कष्ट जास्त, पण बेट लवकर धरते.

जागा कोणती

पाणी साचते तेथे बांबू लावू नये. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते. तेव्हा दोन हात खड्डा घेऊन त्यात मुरूम आणि शेणखत मिसळावे. भिंत आणि विहीर यांपासून दहा-पंधरा फूट लांब राहावे. शेजाऱ्याच्या हद्दीला खेटून तर मुळीच लावू नये. आज हातभर असलेले बेट दहा वर्षांनी केवढे होईल, याचा विचार करावा. बांबूपायी भाऊबंदकी नको! शेळ्यांना कोवळा कोंब फार आवडतो. पहिली दोन वर्षे काटेरी कुंपण करावे.

आमची चूक

आमचे बेट चांगले वीस-पंचवीस काठ्यांचे होते. एक दिवस शेजारच्या मावशी आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, मला बी एक कांडं द्या की." आम्ही दोन तुकडे दिले. पण खरे सांगायचे तर मनातून दिले नाहीत. आपल्या दारची शोभा दुसऱ्याच्या दारी कशाला, असे आम्हांला वाटले. जन्मभर मुलांना सांगितले, "वाटून खा." आणि स्वतः मात्र कांड्यासाठी हात आखडला.

पुढे मुलीचे लग्न ठरले. मांडवाला काठ्या हव्या होत्या. आम्ही जून आणि कोवळी असे काही पाहिले नाही. एका दिवसात सारे बेट साफ कापले. त्या पावसाळ्यात कोंब आले, पण करंगळीएवढे. काय झाले होते? पाने ही झाडाझुडपाची चूल. चूलच विझवली, मग जमिनीखालचा कंद काय खाणार? आम्हांला वाटले, पाणी कमी पडते. म्हणून वर आणखी पाणी सोडले. कंद कुजला. दोन वर्षांत बेट गेले.

मावशींच्या दारी मात्र आमच्याच कांड्याचे बेट डोलत होते. आम्ही संकोचत गेलो. त्या म्हणाल्या, "अवो गुरुजी, ते तुमचंच हाय. न्या की पाहिजे तेवढं." त्यांनी स्वतः कुदळ आणली आणि दोन काठ्या कंदासकट काढून दिल्या. त्यांनी आणखी पाच घरी कांडी दिली होती, हेही तेव्हा कळले. आम्ही मान खाली घातली. आज आमच्या अंगणात आहे ते बेट मावशींचे आहे.

म्हणून तोडणीचा नियम लक्षात ठेवा. तीन वर्षांहून जून काठ्याच तोडाव्यात आणि त्याही निवडून. कोवळ्या काठ्या राखाव्यात. पावसाळ्यात तोडू नये, थंडीत तोडावे. तेव्हा तोडलेल्या काठीला भुंगा कमी लागतो. काठी दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवली, तर अधिक टिकते.

देताना काय सांगावे

कांडे द्याल तेव्हा नुसते कांडे देऊ नका. माहितीही द्या. सहा महिने हलवू नको, पाणी साचू देऊ नको, भिंतीपासून लांब लाव, एवढे सांगा. कोवळा कोंब कच्चा खाऊ नये, त्यात विषारी अंश असतो, हेही सांगा.

काही जण विचारतात, "दुसऱ्या गावाला बांबू न्यायला परवाना लागतो का?" पूर्वी वनकायद्यात बांबूला झाड धरत. २०१७ साली कायदा बदलला. जंगलाबाहेर लावलेला बांबू आता झाडात मोजत नाहीत. म्हणून अंगणातला बांबू तोडायला किंवा न्यायला त्या कायद्याचा परवाना लागत नाही. जंगलातल्या बांबूला मात्र हात लावू नये.

बाजारात काचेच्या बाटलीत "लकी बांबू" विकतात. तो बांबूच नव्हे. ते आफ्रिकेतले एक निराळे रोप आहे. शोभेला ठेवायचे तर ठेवा, पण त्याचे बेट होईल या आशेवर राहू नका.

यंदा तुमच्या दारी बेट असेल, तर निदान दोन घरी कांडी द्या. नसेल, तर शेजारी मागा. मागायला लाजू नका आणि द्यायला कुरकुरू नका. उद्या आपले बेट गेले, तर ते दिलेल्या घरूनच परत येईल.